विहीणबाईंचं बँकॉक

माझ्या विहीणबाई बँकॉकच्या एअरपोर्टवर व्हीलचेअरमधून उठून पळाल्या होत्या.

आणि मी त्यांच्या मागे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. बँकॉकचं हे कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं.

पण परवा त्यांची लेक, म्हणजे माझी सून नेहा, भांडी लावता लावता म्हणाली, "बाबा, आई आठ महिने इथे होती. मी तिला साधा समुद्र दाखवला नाही. बाळंतपण करून घेतलं आणि पाठवून दिली. ती नाराज होऊन गेली का हो?"

मी "नाही गं" म्हणालो. आणि तिच्या हातातली ताटं घेऊन पुसत राहिलो.

म्हणून इथे, आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहितोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, एसटी डेपोत फिटर होतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

अमेरिकेतून, सांता क्लाराहून, भारतात परत जायला आम्ही दोघं एकाच तिकिटावर निघालो होतो. पोरांनी दोघांनाही व्हीलचेअर लावून दिली. पाय धड होते, भीती इंग्रजीची. चेअर घेतली की ढकलणारा माणूस बरोबर गेटवर नेऊन सोडतो. आमच्यातले बरेच आई-बाप असेच येतात-जातात.

बँकॉकला सकाळी सातला उतरलो. पुढचं विमान संध्याकाळी सातला. त्या माणसाने आम्हाला काचेपाशी बसवलं, चारला येतो म्हणाला आणि गेला.

बाहेर सगळं पिवळसर, धुरकट दिसत होतं.

"व्याहीबुवा, आपल्याला चालता येते ना?"

"येतं. पण पोरांनी लिहून दिलंय."

"लिहून दिलं म्हणून पाय गेले काय?"

आणि उठल्याच.

पासपोर्ट बघणाऱ्या साहेबाने विचारलं, कुठे? विहीणबाई म्हणाल्या, "सिटी. वॉकिंग." त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मला वाटलं होतं, पकडतील. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, हे नंतर कळलं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. झोप झाली नव्हती, कान बंद झालेले. ते शहर अजून स्वप्नात पाहिल्यासारखं येतं, तुकड्या-तुकड्यांनी.

ट्रेन घरांच्या छपरांवरून चालली होती. खाली एक बाई गच्चीत तुळशीसारख्या कसल्याशा रोपाला पाणी घालत होती.

मग रस्ता. इतक्या मोटारसायकली, इतकी माणसं, आणि तरी कुणी ओरडत नव्हतं. चौकात मोठा लाल सिग्नल, आणि त्याखाली सगळं शहर गप्प उभं.

मी दर मिनिटाला खिशातला पासपोर्ट चाचपत होतो.

"किती उबवता त्याला? पिल्लू निघेल आता त्यातून."

कालव्यावर लांबलचक होडी होती. लोक उड्या मारून चढत होते. आम्हाला एका मुलीने हात धरून आत घेतलं. बाजूला प्लास्टिकचा पडदा, दोरी ओढली की वर येतो आणि पाणी अंगावर येत नाही. दोरी विहीणबाईंच्या हातात होती. त्यांनी ती ओढलीच नाही.

"अहो, पाणी घाण आहे! आजारी पडाल!"

"काहून घाबरता इतके? बघा तरी."

तोंडावर तुषार उडत होते. घरांच्या मागच्या बाजू जवळून सरकत होत्या, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, पायरीवर दात घासणारा म्हातारा. विहीणबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

उतरल्यावर पुलाच्या पायऱ्या होत्या. त्या दोनदा थांबल्या. दम लागला म्हणाल्या. मी म्हटलं, परत जाऊ. त्यांनी मान हलवली, नाही.

रिक्षाने फुलबाजारात गेलो. झेंडूचे ढीग माझ्या छातीपर्यंत. मोगऱ्यासारख्या पांढऱ्या कळ्या बर्फात ठेवलेल्या. बायका लांब सुईने हार ओवत होत्या. विहीणबाईंनी अकोल्यात तीस वर्षं शिवणक्लास चालवला. त्या एकीच्या समोर उभ्या राहून टक लावून बघत होत्या. तिने हसून स्टूल पुढे केलं, सुई हातात दिली.

भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. बाईने दोन कळ्या ओवून दाखवल्या, यांनी तिसरी ओवली. मग दीड तास दोघी शेजारी बसून ओवत राहिल्या.

मी दोन बॅगा धरून उभा. घड्याळ बघत.

"ताई, विमान!"

"बसा हो जरा. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी माझ्या हाताकडं पाहते आहे."

मग खाली मान घालूनच, हसत म्हणाल्या, "नेहाला सांगू नका. तिला वाटेल, तिच्या घरी मी कोंडली होती म्हणून इथं बरं वाटलं. तसं नाही. नातीला सोडून यायचं होतं, लय जड गेलं असतं. हे मधात आलं, बरं झालं."

चारच्या आधी आम्ही परत आपापल्या चेअरमध्ये बसलो होतो. माणूस आला, सॉरी, फार वेळ बसावं लागलं म्हणाला. विहीणबाई म्हणाल्या, "नो नो. व्हेरी नाइस."

अडीच महिन्यांनी अकोल्यात हार्ट अटॅकने गेल्या. नेहाला तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी पुन्हा पोरांकडे आल्यावर इथल्या ओळखीच्या डॉक्टरकाकूंना आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, एका दिवसाच्या चालण्याने असं होत नाही, काका. तरी वर्षभर मला त्या पायऱ्याच दिसतात. मी हट्ट धरून त्यांना परत न्यायला हवं होतं का?

नेहा, तू आत्ता मीटिंगमध्ये असशील. हे वाचून तुला राग येईल. मी तुझ्या आईला उन्हातून हिंडवलं आणि वर्षभर लपवलं. संध्याकाळी घरी आलीस की बोल मला काय बोलायचं ते. मी ऐकून घेईन.

पण तुझी आई नाराज होऊन गेली नाही. त्या तुझ्याबद्दलच बोलत होत्या, आणि हसत होत्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

विहीणबाई, तुम्ही नको म्हणालात, तरी सांगितलं. लेकीला कळायला हवं होतं.

तुम्हाला या व्याह्याचा मनापासून नमस्कार.