ह्यांच्या वाटचं

"माजं काय नाय, ह्यांचं काम हाय." कुठल्याही खिडकीसमोर उभी राहिली की आमच्या शेजारची काकी आधी हे बोलायची आणि मग पदराने तोंड पुसायची. रेशन दुकान, बँक, सोसायटीची मीटिंग, सगळीकडे हेच. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. नवऱ्याचं आधारकार्ड त्यांच्या पर्समध्ये असतं आणि नवरा कुठे आहे ते त्यांना विचारायचं नसतं.

आमच्या काकीचा नवरा कुठे असतो ते नवीन पनवेलमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या बारमध्ये.

दवाखान्यात काकांची दुखणी तीच सांगायची. उपासही तीच करायची. सोमवार ह्यांच्या पायासाठी, गुरुवार ह्यांच्या लिव्हरसाठी. "पाय बरा झाला ना? मंग?" असं ठणकावून विचारायची. पाय बरा झाला होता हे खरंच. लिव्हरचं मात्र डॉक्टरांनी साफ सांगितलं, "दारू सुटली तर माणूस जगेल. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात आली. "पोरी, तू शिकलेली हायस. दारू सोडवनारी मानसं कुठं बसतात, तूच शोध."

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. वडील मिठागरावर राबले, आणि माझी डिग्री त्यांनी फ्रेम करून देवांच्या फोटोशेजारी लावली आहे. तेव्हा अशी कामं माझ्याकडे येणारच, आणि मला ती आवडतात. मोबाईलवर शोधून मी एक नंबर लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "तुम्ही पिता का, ताई?"

"मी ग्रॅज्युएट आहे," मी म्हटलं.

"असू द्या. आमच्यात दोन डॉक्टर आहेत."

जुन्या पनवेलमध्ये एका शाळेच्या वर्गात दर रविवारी त्यांची बैठक असे. पैसे नाहीत, आडनाव नाही. एकेकाने उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, आपण दारुडे आहोत म्हणायचं आणि आपली कहाणी सांगायची. घरच्यांना मागच्या बाकांवर बसता येई. काका यायला तयार होईनात. म्हणून काकी माझ्या स्कूटीवर मागे बसली. "ह्यांच्या वाटचं मी ऐकून येते. चल."

बैठक चालवणारे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर होते. तेही एकेकाळचे पिणारे. त्यांनी तिला समजावून पाहिलं, "वहिनी, तुम्ही जेवलात तर त्यांचं पोट भरेल का?"

"मंग माज्या सोमवारांनी ह्यांचा पाय कसा बरा झाला?"

ड्रायव्हरसाहेबांनी बिस्किटांची ताटली तिच्यापुढे सरकवली. माझ्या बी.कॉम.मध्ये याचं उत्तर नव्हतं.

बैठकीतली बिस्किटं ती रुमालात बांधून घरी न्यायची, प्रसादासारखी. काकांना वाढता वाढता सगळ्यांच्या कहाण्या सांगायची. तिथलं बाहेर बोलायचं नसतं, असं मी कितीदा बजावलं. "ह्यांना सांगनं म्हंजी बाहेर सांगनं हाय काय?" काका हातात ग्लास धरून ऐकत, मालिका बघावी तसे. "मंग त्या रिक्षावाल्याचं फुडं काय झालं?" म्हणून विचारत. रविवारी तेवढे बारमधून लवकर उठत. काकीला तेवढंही पुष्कळ होतं. "कानात तर जातंय ना," म्हणायची.

पोटात पाणी व्हायला लागलं तेव्हा एका रविवारी काका स्वतःहून म्हणाले, "मी येतो."

सकाळपासून घेतली नव्हती. इस्त्रीचा शर्ट, बटणं काकीने लावलेली, कारण बोटं थरथरत होती. वर्गात पुढच्या बाकावर बसले. आम्ही दोघी मागे. एकेक जण बोलून खाली बसला आणि त्यांची पाळी आली. ते उभे राहिले. ओठ हलले, शब्द फुटेना. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी मान वळवून मागे बघितलं, काकीकडे. आयुष्यभर त्यांची सगळी कामं त्या एका नजरेवर झाली होती.

काकी उभी राहिली. लग्नातला उखाणा सोडला तर जे नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते सगळ्यांसमोर घेतलं. "ह्यांचं नाव गजानन. हे दारुडे हायत. सुटत नाय ह्यांची."

काका मान खाली घालून बाहेर गेले.

"वहिनी," ड्रायव्हरसाहेब हळूच म्हणाले, "ते त्यांनाच बोलू द्यायचं होतं. आम्ही थांबलो असतो."

"त्यांची जीब वलत नव्हती. मी बगत कशी बसू?"

तिने पिशवी उचलली आणि ती त्यांच्यामागे धावली.

ते पुन्हा कधी आले नाहीत, म्हणून तीही आली नाही. मी दोनदा दार वाजवलं. "आता काय ऐकायचं ऱ्हायलंय, पोरी?" एवढंच म्हणाली. दिवाळीनंतर काका गेले. मुलीने काकीला उरणला नेलं. फोन केला तर मुलगीच उचलते, "आई झोपलीय" म्हणते.

मला दिसतो तो त्या रविवारचा, शाळेसमोरचा हायवे. मी स्कूटी घेऊन पोहोचले तोवर काका रस्ता ओलांडून गेले होते. काकी अलीकडे अडकलेली आणि मधून न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर संपता संपेनात. आत्ता घेतलेलं ते नाव इथे रस्त्यात तिच्या तोंडून निघेना. ती हात उंच करून नुसती ओरडत होती, "अवो! अवो!"

आजूबाजूचे तीन-चार परके पुरुष वळून बघायला लागले. काका वळले नाहीत.