ढिल्या जबड्याचा पाना

गोरक्षाचं चित्त कधी ठिकाणावर नसायचं. नळाचं काम हातात घेतलं की हा गडी मनानं थेट पाइपातच शिरायचा. गंगापूर धरणातून निघालेलं पाणी अंधारात कुठं कुठं वळत असेल, कुणाच्या तांब्यात जाऊन पडत असेल, असल्या तंद्रीत दुपार सरायची आणि गिऱ्हाईक वैतागायचं. हात मात्र कधी चुकले नाहीत. म्हणून तर द्वारका चौकामागच्या गल्ल्यांत लोक त्यालाच बोलवत.

त्याचा सगळा जीव दोन पाइप-पान्यांत. एकानं सांधा धरायचा, दुसऱ्यानं पाइप फिरवायचा. नाहीतर भिंतीतला सांधाही सोबत फिरतो, आणि बसा मग भिंत फोडत. पान्याचा एक जबडा पक्का, दुसरा डुगडुगता. दांड्यावर जोर दिला की तो डुगडुगता कलतो आणि गोल पाइपात दात रुतवतो. जोर सोडला की आपसूक सुटतो. खंडेनवमीला हे दोघे घासूनपुसून, हळदकुंकू लेवून झेंडूच्या फुलांत बसत. दसरा होईस्तोवर त्यांना कामाला लावायचं नाही, असा घरचा रिवाज.

यंदा दसरा उलटल्यावर तो गल्लीतल्या वत्सलाबाईंच्या मोरीतला गंजका पाइप काढायला बसला. पाना लावला, जोर दिला, तर सर्रकन निसटला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हातच दगा देतोय, गोरक्षाला वाटलं. गेले काही महिने उजवा हात थरथरत होता, आणि घरी त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. हात गेला म्हणजे काम गेलं, आणि कामाबरोबर ते पाइपातलं हिंडणंही गेलं! उद्या येतो, असं पुटपुटत तो घरी आला.

आता शेवटचाच पुसू, म्हणून त्यानं पाना मांडीवर घेतला. जबड्याच्या खाचेत झेंडूची पाकळी अडकली होती. ती काढताना बोटाला पत्रा टोचला. बघतो तर पत्र्याची पाचर! कुणीतरी डुगडुगता जबडा पक्का करून टाकला होता. पाचर उपटली, जबडा पुन्हा डुगडुगला, आणि गोरक्ष एकटाच खुदकन हसला. पूजेला पाने घासले होते त्याच्या बायकोनं, उज्वलानं. दुसरं कोण असणार?

त्यानं पाचर तिच्यापुढं धरली. "अगं, ढिला हाय म्हणून तर धरतो तो. पक्का केला की कामातून गेला."

उज्वला भाकरी थापता थापता थांबली. घरच्या नळाला बसलात की पाना हातात थरथरताना दिसायचा, ती म्हणाली. "वाटलं, पानाच ढिला झालाय. पण पूजेतून तुम्ही उचलला, तवाबी थरथरला. मग कळलं."

गोरक्षाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझंही उतरलं.

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाईंच्या मोरीत दोघं बसली. सांध्यावरचा पाना उज्वलाच्या हातात, फिरवायचा त्याच्या. जबडा कलला, दात रुतले, पाइप करकरला. गोरक्षाचं चित्त तेवढ्यात धरणाकडं निघालंही होतं.

"अहो," उज्वला म्हणाली, "मी धरलंय. फिरवा तुम्ही."