बंद गाडीच्या उघड्या काचा

चहा आधी संपवा. मी बोलायला लागलो की तुम्ही हसणार, हसताना चहा सांडणार, आणि चादरीवर डाग पडला की आमची ही मलाच बोलणार. माझी जी शोभा झाली ती आमच्या सोसायटीत पोराटोरांनासुद्धा तोंडपाठ आहे. कुणाकडून तरी कळणारच तुम्हाला. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका, निदान मीठमसाला तरी घरचा असेल!

मी विक्रीकर खात्यातून रिटायर झालो हे तुम्हाला माहीत आहे. सगळी नोकरी दुसऱ्यावर संशय घेण्यात गेली. समोरचा नुसता 'नमस्कार साहेब' म्हणाला तरी वाटायचं, का बरं म्हणाला असेल? ती सवय पेन्शनबरोबर घरी आली. तशात आमच्या राहुलने गाडी घेऊन दिली. तो बेंगळुरूला कंपनीत आहे. म्हणाला, "बाबा, स्कूटर बस झाली आता. छोटी एसयूव्ही घेऊ. उंच असते, तुमच्या गुडघ्यांना बरी पडेल."

उंच? अहो, आमच्या हिला चढायला घरून पाट न्यावा लागतो!

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तर शोरूममध्ये लग्नाचा थाट. गाडीवर लाल कापड. ते ओढायचं, टाळ्या वाजवायच्या, केक कापायचा आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरून फोटो काढायचा. खरी किल्ली समजावून सांगायला एक चुणचुणीत मुलगी होती. किल्ली कसली, साबणाची वडी! तिला ना दात, ना शेपूट, नुसती बटणं.

"काका, हे लॉक, हे अनलॉक. आणि उन्हाळ्यात हे बटण दाबून धरलंत ना, की—"

"अहो, इकडे बघा ना! फोटोत डोळे मिटताय तुम्ही," असं म्हणून हिने मला ओढलं.

मी डोळे उघडले आणि कान मिटले. ही गोष्ट लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवली.

गाडी धायरीला घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात माझी खात्री पटली की ही आपल्याविरुद्ध आहे. पंखा कमी करायचा तर आधी स्क्रीनवर पंख्याचं चित्र शोधायचं. ते सापडेपर्यंत सिंहगड रोड संपतो! पुढच्या काचेचा खांब इतका जाड की त्याच्यामागे अख्खी रिक्षा लपते. पुण्यातल्या रिक्षाला आणखी लपायला जागा द्यायची गरज होती का, सांगा तुम्हीच. पाण्याच्या बाटलीला खळगा दिलाय, तो बरोब्बर गिअरच्या मागे. दर गिअरला कोपर बाटलीवर आपटतं. आणि डॅशबोर्ड असा उतरता की हिला बुद्धमूर्ती ठेवायला बोटभर सपाट जागा मिळेना. ती म्हणाली, "ज्याने ही गाडी काढली त्याच्या घरात कुणी कुठे काही ठेवतच नाही का हो?"

एकदा मार्केट यार्डातून मोठा लाल भोपळा आणला. तो ठेवला पुढच्या सीटवर. ही मागे बसते, कारण माझ्या शेजारी बसून ब्रेक दाबून दाबून तिचे पाय दुखतात म्हणे. तर गाडी सुरू केली आणि ती टिंग टिंग टिंग ओरडायला लागली. थांबेचना! गाडीला वाटलं, पुढे माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावला नाही. शेवटी भोपळ्याला पट्टा बांधला. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काका, पाहुण्यांना बरं नाही का?"

हे सगळं सोसलं मी. पण एके दुपारी झोपून उठलो, गॅलरीत आलो, खाली पाहतो तर काय! पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या चारी काचा खाली! आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, गाडी गॅलरीच्या बरोब्बर खाली. मी स्वतः ती लॉक केली होती, हँडल ओढून पाहिलं होतं. किल्ली माझ्या लेंग्याच्या खिशात. दुसरी किल्ली कपाटात, हिच्या साड्यांखाली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

मी खाली गेलो. ड्रायव्हरच्या सीटला हात लावला, तर ती गरम! म्हणजे आत्ताच कोणीतरी उठून गेलेलं. आणि डोकं टेकायच्या उशीवर पांढरे शुभ्र केस.

आता आमच्या इमारतीत पांढरे शुभ्र केस कुणाचे? शेजारच्या कुलकर्ण्यांचे.

हे कुलकर्णी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. सहा फूट उंच, डोकं म्हणजे पिंजलेला कापूस. बोलणं असं, की ऐकताना वाटावं सत्कार चाललाय आणि घरी गेल्यावर कळावं की अपमान होता. पण माणूस सोन्यासारखा! रोज सकाळी मला 'जय भीम, गायकवाड साहेब' म्हणणार, मी त्यांना 'राम राम' म्हणणार, मग आम्ही कालव्यापर्यंत फिरून येणार. त्यांची मुक्ता तर आमच्याच घरात वाढलेली. हिंजवडीला नोकरी लागली, लग्न ठरलं, तेव्हा पहिली आमच्या दारात आली.

"काका, मी कार्यालयात तुमच्याच गाडीतून जाणार. बाबांच्या स्कूटरवर शालू नेसून कशी बसू?"

आम्हाला मुलगी नाही हो. ती असं म्हणाली, मग आणखी काय हवं? म्हटलं, "गाडी तुझीच समज."

आणि आता तिचेच वडील चोरून माझ्या गाडीत बसतात? एकेक गोष्ट आठवायला लागली. गाडी आली त्या दिवशी कुलकर्णींनी विचारलं होतं, "ही किल्ली किती लांबून चालते हो?" तेव्हा वाटलं, साधा प्रश्न. पण टेलिफोनवाला माणूस, सोसायटीतल्या सगळ्यांचे रिमोट हाच दुरुस्त करतो, त्याला लांबचं-जवळचं कशाला हवं?

हिला सांगितलं तर ती खेकसली. "भाऊजी कशाला बसतील तुमच्या गाडीत?"

"हौस! जन्मभर स्कूटर चालवली."

"मग मागतील की."

"मागणारा माणूस आहे का तो? साखर संपली तर बिनसाखरेचा चहा पितो."

ही म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात, हे कुणीतरी तुम्हाला कळवायला हवं होतं."

पण मी कसला ऐकतोय! हिच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि गाडीच्या चारी दारांना बांधून आलो. दुपारी उठून पाहिलं तर दोरे शाबूत आणि काचा खाली! याचा अर्थ काय? शहाण्या माणसाने काढला असता तो अर्थ मी काढला नाही. मी म्हटलं, अच्छा, म्हणजे काचा खाली करून खिडकीतून आत शिरतो! सहा फुटी माणूस, सत्तरीला आलेला, खिडकीतून! पण संशयाला समोरच्याचं वय आणि उंची दिसत नाही.

सकाळच्या 'जय भीम'ला मी नुसती मान हलवायला लागलो. फिरायला जायचं बंद केलं. आणि किल्ली? किल्ली तर अशी सांभाळली की काय सांगू! लेंग्याच्या डाव्या खिशात घालून वरून सेफ्टी पिन. आंघोळ सोडली तर ती माझ्या अंगापासून वेगळी नाही. दुपारी झोपतानासुद्धा ती माझ्या अंगाखाली. आणि माझी दुपारची झोप म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीभर रविवारी घेतली, आता रोज घेतो. अगदी साग्रसंगीत वामकुक्षी. जेवण, बडीशेप आणि डावी कूस.

मग एक दुपार झोप मोडून गॅलरीत पहारा दिला. काही नाही! काचा आपल्या शहाण्यासारख्या वर. दुसरी दुपारही तशीच. तिसऱ्या दुपारी डोळा लागला आणि काचा खाली!

म्हणजे मी जागा असलो की चोर येत नाही, मी झोपलो की येतो. म्हणजे चोराला माझी झोप कळते! कुलकर्ण्यांच्या गॅलरीतून आमच्या बेडरूमची खिडकी दिसते. अहो, हा माणूस माझ्या घोरण्यावर पाळत ठेवून होता!

मग मी सापळा रचला. हिला गॅलरीच्या दारात गवार निवडायला बसवलं. तिथून आतला पलंगही दिसतो आणि खालची गाडीही. मी झोपेचं सोंग घेऊन पडणार, काचा हलल्या की तिने हाक मारायची. ठरलं. पण त्या दिवशी आमटी अशी झाली होती, की सोंग घेता घेता मला खरीच झोप लागली.

"अहो! अहो, काचा!"

मी ताडकन उठलो आणि अनवाणी खाली धावलो. गाडीजवळ कोण उभं? कुलकर्णी! एक हात लेंग्याच्या खिशात.

"हात बाहेर काढा!" मी ओरडलो.

"काय म्हणालात आपण?"

"खिशातला हात बाहेर काढा, कुलकर्णी. आणि हातात काय आहे ते दाखवा."

त्यांनी सावकाश हात काढला. हातात ग्लुकोजची बिस्किटं. तेवढ्यात माझ्या गाडीच्या खिडकीतून सोसायटीची पांढरी मनी खाली उडी मारून आली आणि त्यांच्या पायांना अंग घासायला लागली.

"ही रोज दुपारी आपल्या गाडीत झोपते," कुलकर्णी म्हणाले. "मला वाटलं, तिच्यासाठीच काचा उघड्या ठेवता. म्हटलं, माणूस वरून वाटतो तितका कोरडा नाही."

पांढरे केस कळले. गरम सीट कळली. इथे कुठलाही भला माणूस थांबला असता की नाही? मी नाही थांबलो! खाली जिना उतरताना जो आवेश चढला होता तो उतरायला जागाच मिळेना.

"मांजराचं ठीक आहे. पण काचा कुणी उघडल्या? इथे किल्ल्या-रिमोटमधलं कुणाला कळतं, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे! मुक्ताला म्हणावं, लग्नाला दुसरी गाडी बघ!"

बोललो आणि मागे पाहिलं. मुक्ता जिन्यापाशी उभी. हातात बांगड्यांची पिशवी, चार दिवसांवर लग्न. तिचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, शब्द परत गिळता आले तर बरं. आणि कुलकर्णी, ज्यांच्याकडे कशालाही उत्तर असतं, ते नुसतं "बरं" म्हणाले. एवढंच. त्यांनी टोमणा मारला असता तर चाललं असतं हो! ते 'बरं' काही सोसवेना.

वरून हिचा आवाज आला. "अहो, परत एकदा आडवे व्हा बघू!"

"काय?"

"तुम्ही डाव्या कुशीवर वळलात आणि काचा खाली गेल्या. मी दोन्ही बघितलं. ओरडले ते ऐकायला थांबलात का तुम्ही?"

मुक्ता पुढे आली. "काका, किल्ली कुठे आहे?"

"खिशात. डाव्या. पिन लावून."

"अहो काका! बटण दाबून धरलं की काचा खाली जातात. उन्हाळ्यात गाडी गार व्हावी म्हणून सोय असते ती."

सोय! बघा आता. चोर यावा म्हणून सोय केली असती तर याहून बरी काय झाली असती?

कुलकर्णींनी पार्किंगमधल्या बाकावर आपलं वर्तमानपत्र अंथरलं. "या, साहेब. पुरावा पाहिल्याशिवाय आपण मानणार नाही. आडवे व्हा."

मुक्ताने किल्ली घेऊन काचा वर केल्या आणि किल्ली परत माझ्या डाव्या खिशात घातली. मी उताणा झोपलो. काही नाही. उजव्या कुशीवर वळलो. काही नाही. वाटलं, सुटलो! मग डाव्या कुशीवर वळलो. टिक! गाडीने डोळे मिचकावले आणि कुंईऽऽ करत चारी काचा खाली. एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. टाळ्या पडल्या. शोरूममध्ये पडल्या तशाच, फक्त पुठ्ठ्याची किल्ली तेवढी नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाकावरून उठलो आणि आधी मुक्ताकडे गेलो. म्हटलं, "पोरी, गाडी तुझीच आहे. कार्यालयात नेईन, सासरीही मीच सोडीन. तुझा काका गाढव आहे."

"गाढव म्हणू नका," कुलकर्णी म्हणाले. "गाढव उभ्याने झोपतं. काचा शाबूत राहतात."

ते ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. टोमणा आला म्हणजे माणूस परत आला! दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्यापर्यंत गेलो दोघं. वाटेत मी माफी मागितली, तर म्हणाले, "सावकाश मागा, घाई नाही. उद्याही फिरायला यायचंच आहे."

लग्न झोकात झालं. सकाळी मुक्ताला शालूत घेऊन मी गाडी अशी चालवली, की मागे बसलेल्या हिने एकदाही ब्रेक दाबला नाही. पट्टा सगळ्यांनी लावला, भोपळ्याची आठवण काढून. दुपारी पंगत. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, आणि कुलकर्णी स्वतः आग्रह करत होते, मग नाही कसं म्हणणार? सासरी निघायला अजून वेळ होता. वधूपक्षाच्या खोलीत गाद्या घातलेल्या. म्हटलं, जरा पाठ टेकावी. किल्ली सुरक्षित होती. झब्ब्याच्या खिशात.

केव्हा डोळा लागला कळलंच नाही. जाग आली ती लाउडस्पीकरने. सनई बंद झाली होती आणि सगळ्या कार्यालयात कुलकर्ण्यांचा शांत, स्वच्छ आवाज घुमत होता.

"मंडळी, नवरीची गाडी दाराशी उभी आहे. तिच्या चारी काचा खाली आलेल्या आहेत आणि मागच्या सीटवर ठेवलेल्या फळांच्या परडीत एका गाईने तोंड घातलेले आहे. गायकवाड साहेब जिथे कुठे आडवे झाले असतील, तिथे त्यांना कुणीतरी कृपया उजव्या कुशीवर वळवावे!"