सातव्या सिलिंडरचा पिस्टन

"मला विचारू नका, लोखंडाला विचारा," असं ओरिन स्टॉकडेल येईल त्याला सांगायचा, आणि उत्तर मात्र स्वतःच द्यायचा. आमच्या इंडियानातल्या मक्याच्या मुलखात त्याची शेड धान्याच्या उंच कोठारांना लागून होती. जुन्या दांडग्या गाड्यांची इंजिनं तिथे मरायला टेकलेली यायची आणि गुरगुरत जायची. मी शेजारच्या काट्यावर धान्य तोलायचो. काम नसलं की त्याच्या दारात बसायचो. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्यासारखा हेकटही.

त्या सकाळी त्याची बहीण ट्वायला आली ती लाकडी खोका पोटाशी धरूनच. तिचा नवरा डेल वारल्यापासून त्याची सत्तर सालची गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली उभी होती. सातव्या सिलिंडरात पाणी झिरपलं आणि गंजाने भिंत खाल्ली, तिला खड्डा पडला. त्या इंजिनाचा ब्लॉक, आठही सिलिंडरांचा ओतीव सांगाडा, आता ओरिनच्या सिलिंडर कापून रुंद करायच्या बोरिंगच्या यंत्राला बांधलेला होता.

खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेले आठ पिस्टन होते. साठ साइजचे, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या साठ हजारांशाने मोठे, डोक्यावर घुमट असलेले.

"डेलने घेऊन ठेवलेले. हेच बसव," ती म्हणाली.

"गडी चांगला होता तुझा, पण घोडा न बघता खोगीर आणायचा."

यात डेलचं एकट्याचं काही नव्हतं. सुट्या भागांच्या बाजारात मोठे पिस्टन दिसले की आमची माणसं उचलतात, आणि ब्लॉक त्यांना पुरेल अशी आशा धरून बसतात.

ओरिनने सातव्याच्या भिंतीवर बोट ठेवलं. "मोजलंय मी. ही बाजू ओततानाच पातळ झालीय. साठला कापली तर पत्र्याएवढी उरेल. तापली की फाटेल, पाणी तेलात जाईल, ब्लॉक भंगारात."

"दुसरा ब्लॉक नकोय मला. यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो. डेल पुसत बसायचा तो."

"मग साठ विसर. चाळीसवर खड्डा गेला, तर चाळीसचे सपाट डोक्याचे मागवू."

"आणि नाही गेला तर?"

"तर कॉफी पिऊ."

ती हसली नाही. खोका तिने बाकावर ठेवला, पण हात त्याच्यावरून काढला नाही. "काप," ती म्हणाली.

यंत्र सुरू झालं. काळा कीस खाली साचू लागला. तीसवर ओरिन थांबला, दिवा आत सोडला. खड्डा तसाच तोंड वासून होता. पुन्हा यंत्र. बाहेर माझ्या काट्यावर ट्रक भोंगा वाजवत होता, मी उठलो नाही.

चाळीसच्या किंचित अलीकडे त्याने यंत्र बंद केलं. आत काळपट डाग दिसत होता. डाग चालतो, नख अडकलं तर चालत नाही.

"तू बघ," तो बहिणीला म्हणाला. "माझं नख मला हवं तेच सांगेल."

तिने हातमोजा काढला, नख वरून खाली नेलं. मधेच थांबली.

"अडकतंय."

"किती?"

"केसभर. शेवटची घासणी बाकी आहे ना? आत्ताच घास की."

"नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटचा हात मी फिरवत नाही. प्रत्येक पिस्टन मोजायचा, मग त्याचं त्याचं भोक घासायचं. तसं केलं नाही तर ढिलं होईल, आणि ढिलं झालं की परत घट्ट होत नाही."

"म्हणजे पिस्टन आधी मागवायचे, आणि ब्लॉक वाचला का ते नंतर कळणार?"

"हो."

"डेलने तरी वेगळं काय केलं होतं?"

ओरिनने फडकं उचलून भिंत पुन्हा पुसली. ट्वायला म्हणाली, "मागव."

नवे पिस्टन आले त्या दिवशी ओरिनने सकाळपासून दुसरं काम हातात घेतलं नाही. आठही पिस्टन एका रांगेत मांडून तो एकेक मोजत राहिला. मला ते सगळे सारखेच दिसत होते. त्याने पुन्हा मोजले, आणि त्यातला जो इतरांहून धुळीच्या कणाएवढा जाड निघाला, तो उचलून ट्वायलाच्या तळहातावर ठेवला.

"हा सातव्याचा. हा जाड, म्हणून तिथे जरा जास्त घासता येईल. यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही."

घासायचा दगड तेलात बुडवून त्याने आत सोडला. वर, खाली. थांबून मोजायचं, पिस्टन धरून बघायचं, पुन्हा वर, खाली. ट्वायला बाकाची कड धरून उभी होती. शेवटी त्याने दगड बाहेर काढला, भिंत पुसली आणि बाजूला झाला.

तिने नख लावलं. वरून खाली. मग पुन्हा, अगदी सावकाश.

"जातंय," ती म्हणाली. "सरळ जातंय, ओरिन."

त्याने मान हलवली. उरलेले सात सिलिंडर तसेच ठेवून, एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि जेवायला घरी निघाला. रेल्वेरूळ आणि मक्याच्या मधल्या पायवाटेने तो जात राहिला, नेहमीपेक्षा हळू. काट्याजवळून मी बघत होतो. शेडच्या दारातून ट्वायला, तेलाचा हात तसाच वर धरून.