पान्याची टकटक

गिझरच्या कॉइलवरचा क्षार काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून गल्लीनं त्याचं नाव खरवड्या ठेवलं. तोच खरवड्या आता उजवा हात खांद्याच्या वर नेऊ शकत नव्हता. शर्टसुद्धा बायकोनं चढवून द्यायचा.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. खांद्यापाशी पांढरा ठिपका होता.

"कॅल्शियम साठलंय. हाडांत, दातांत हेच हवं असतं. भलत्या जागी बसलं की अडवतं."

"म्हणजे बाई, माझ्याच नळात क्षार!" तो हसला खरा, पण घरी येईपर्यंत हसू मावळलं.

उंचावरचा गिझर उतरवणं दोघांचं काम. हा स्टुलावर, थोरला भाऊ खाली. न्हाणीघरात आवाज घुमतो, बोललेलं कळत नाही, म्हणून दादा पान्यानं पाइपवर दोनदा टकटक करायचा. म्हणजे, धरलंय, सोड. त्या टकटकीच्या भरवशावर यानं वीस वर्षं डोळे मिटून नट सोडले. काय दिवस होते! एका सायकलवर डबलसीट, एका डब्यात जेवण. दादा शंख दाखवून म्हणायचा, "बघ, गोगलगाय क्षाराचंच घर बांधते, आणि आपण तो खरवडून पोट भरतो."

मग एकदा घाईत दादानं ॲसिड जास्त ओतलं, टाकीला भोक पडलं. आणि हा शहाणा गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, "याला मी उगाच पोसतोय." माफी उद्या मागू, उद्या मागू करता करता अकरा वर्षं गेली. अबोल्यावर रोज एक पापुद्रा चढत होता, आणि हा गावाचे गिझर खरवडत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दादाकडे गेला. वहिनीनं दार उघडलं. गॅसवर आंघोळीच्या पाण्याचं पातेलं होतं.

"गिझर?"

"नऊ वर्षं बंद आहे, भाऊजी. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ."

दादा बाहेर आला. केस पार पांढरे झाले होते. वाटेत पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"दादा, चुकलो मी. फार चुकलो. आणि आता हातही वर जात नाही."

दादानं त्याच्या खांद्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

"मग वर मी चढतो," तो म्हणाला. "तू खाली राहा."

गिझरमधलं पाणी काढून झालं. खरवड्यानं खोक्यावर उभं राहून डावा खांदा गिझरखाली दिला, आणि लोंबत्या उजव्या हातातल्या पान्यानं पाइपवर टकटक केली. दोनदा.

वर दादानं डोळे मिटले आणि नट सोडला.