टीव्हीतली बायो आणि आमचे तात्या

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आचऱ्याच्या बाजारात मी दिसलो की लोक अजून विचारतात, "काय रे, बायो बरी आसा मां?" तेव्हा दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. चहा तेवढा गार होऊ देऊ नका.

तर ही बायो आमची कोणी नातेवाईक नव्हे. माझी मुलगी सायली बारावीला आहे, ती टीव्हीला जोडून एक गेम खेळते. जगबुडी होऊन गेलीय, शहरं ओस पडलीत, उरलेली माणसं पिसाळून एकमेकांना खायला उठलीत, आणि त्यातून वाचलेली एक चौदा वर्षांची पोरगी. तिचं नाव काहीतरी विलायती, माझ्या जिभेवर बसेना. मी आपलं तिला बायो म्हणायला लागलो.

बायोबरोबर एक म्हातारा आहे. सख्खा नव्हे हो, वाटेत भेटलेला. त्याचा पाय मोडला तेव्हा त्यांच्याबरोबरच्या टोळीतले बाकीचे म्हणाले, टाका ह्याला इथेच. बायोने काय केलं असेल? टोळीच सोडली! कुऱ्हाड उचलली आणि म्हाताऱ्याजवळ राहिली. हे बघितलं तेव्हा मी अडकित्त्याने सुपारी कातरत होतो, बोटच जायचं राहिलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी सायलीच्या शेजारी हजर.

त्या दिवशी बायको बांद्याला माहेरी गेली होती. सकाळी मी तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्कूटरवरून मालवणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन सोडलं. डोळ्यांत थेंब घालणार, मग दोन-तीन तास नीट दिसणार नाही. "तात्यानू, एक वाजता तुमका न्यूक येतंय," असं सांगून मी घरी परतलो.

बघतो तर सायली कॉलेजला निघालेली, प्रॅक्टिकल होतं, आणि टीव्हीवर भयंकर प्रसंग! बायो एका पडक्या घराच्या दारात उभी, कुऱ्हाड उगारलेली. मागे म्हातारा भिंतीला टेकलेला. समोर सात पिसाळलेले. चित्र तिथेच थांबवलेलं.

"बाबा, हात लावू नको हां," सायली म्हणाली. "पॉज केलंय. पुढचा दीपगृह गाठल्याशिवाय सेव्ह होणा नाय. आता बंद पडला तर मंगळवारपासूनचा सगळा परत खेळूचा."

"आणि बायो?"

"मेली. म्हातारोव मेलो."

"मी आसंय. तू जा बिनधास्त."

ती गेली, आणि अर्ध्या तासात लाईट गेली.

टीव्ही इन्व्हर्टरवर होता म्हणून चालू राहिला. पण आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी सात वर्षांची, तिच्यात दम तो किती? मी लगेच कामाला लागलो. माजघरातला पंखा बंद. माझ्या डोक्यावरचा पंखा बंद. घाम टिपकायला लागला, टिपकू दे! मोबाइल चार्जिंगला होता, चार टक्के. तोही काढला. पाच मिनिटांत फोनने मान टाकली. शेवटी देवघरातला छोटा बल्ब उरला. "देवा, जरा काळोखात बस, पोरगी अडचणीत आहे," असं म्हणून तोही बंद केला.

बरोब्बर एक वाजता मी काय करत होतो, ठाऊक आहे? वर्तमानपत्राने वारा घालत होतो. कोणाला? इन्व्हर्टरला! तापला होता हो बिचारा.

दोनच्या पुढे शेजारचा बाबल आला, हातात चार्जर घेऊन. लाईट गेली की अख्खी वाडी आमच्याकडे चार्जिंगला येते.

"लावू नको!" मी असा ओरडलो की त्याच्या हातातून चार्जर पडला.

"अरे, काय झाला काय?"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं आणि सगळी हकिकत सांगितली. बाबल खुर्चीच्या टोकावर बसला. त्याचंही तोंड उघडंच राहिलं.

"आणि तेका पळाक येता नाय?"

"येता. पण म्हाताऱ्याक सोडून जायत नाय."

"काय चेडू आसा रे!" बाबल त्या पोरीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात इन्व्हर्टर बोंबलायला लागला. बीप! बीप! आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, बायो आमच्याकडे बघतेय. आता माणसाच्या हातात काही उरलं नाही, हे ओळखून आमच्याकडे जे करतात तेच मी केलं. टीव्हीसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरार जा काय संकट इला आसा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबलने खणखणीत साथ दिली.

"गेलली लाईट परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाक आणि तेच्या म्हाताऱ्याक सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं घालायचं तर घराबाहेर गेलेल्या आपल्या माणसांची नावं घ्यावीच लागतात. सगळ्यांना सांभाळून आण म्हणायचं असतं. तसा मी ओघात पुढे गेलो.

"घरातली जी कोण माणसा भायर गेली आसत, तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा! बायल बांद्याक गेली आसा, चेडू कॉलेजात गेला आसा, आणि म्हातारो…"

"व्हय म्हाराजा!" बाबल ओरडला.

मी जोडलेले हात सोडून घड्याळाकडे वळलो. म्हातारो! घड्याळात पावणेतीन. तात्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, डोळ्यांत थेंब घातलेले, फोन जवळ ठेवत नाहीत, पावणेदोन तास दवाखान्याच्या दारात! आणि कोणी मला फोन केलाच असेल, तर माझा फोन मी स्वतः मारलेला!

"बाबल, टीव्ही सांभाळ!" म्हणत मी अनवाणी धावलो. स्कूटरची चावी सापडेना. सापडली तर भोकात जाईना. तात्या उठून रस्त्यावर आले असतील का? गाड्या दिसल्या नाहीत तर?

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

आधी सायली उतरली. मग तिचा हात धरून, काळा चष्मा लावलेले तात्या.

"किती फोन केलंय बाबा तुका!" ती माझ्यावर बरसलीच. "कॉलेजातसून येताना बघलंय, आजो पायरेर बसलेलो. दवाखानो दीड वाजता बंद झालो. कंपाउंडर सांगी होतो, रिक्षेत बसयतंय. पण आजो हलाक तयार नाय. म्हणे, माझ्या झिलान येतंय सांगल्यान, तो येतलोच."

काय सांगू तुम्हाला, जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. मी खाली मान घालून तात्यांचा दुसरा हात धरला.

त्याच क्षणी आतून लांबलचक बीप आली, आणि पाठोपाठ बाबलची किंकाळी, "गेला रे! चेडू गेला! म्हातारोव गेलो!"

"कोण गेलो?" तात्या दचकले.

सांगावं लागलं. बायो, कुऱ्हाड, पंखे, फोन, गाऱ्हाणं, सगळं. सायली अंधारलेल्या टीव्हीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडते. "जाऊंदे, मंगळवारपासून परत खेळान," एवढंच म्हणाली आणि तात्यांसाठी पाणी आणायला आत गेली.

तात्या खुर्चीत टेकले. सायलीने आणलेलं पाणी प्याले. मग काळ्या चष्म्यातून अंदाजाने माझ्या दिशेला बघत शांतपणे म्हणाले,

"सोमवारी परत डोळ्यांच्या डॉक्टराकडे जावचा आसा. तुका सवड नसात तर ऱ्हवांदे. टीव्हीतला ता चेडू तोवर परत जिता झाला, तर तेका इचारून बघ, येता काय माझ्याबरोबर."