कावळ्याला दिलेला शब्द

माझी बायको मंगळवारी सकाळी गेली. मी भाजी घेऊन परत आलो तेव्हा शेजारचे लोक दारात उभे होते.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. पिंड मांडले आणि सगळे मागे सरून बाभळीवरच्या कावळ्यांकडे बघत राहिलो. आमच्याकडची समजूत अशी, की कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो. तो कशात, हे ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा. मुलानं शब्द दिला, बाबांना पुण्याला नेतो. कावळ्यांनी तो मनावर घेतला नाही. मीही घेतला नाही. मेव्हण्यानं काही कबूल केलं, तेही वाया गेलं. अर्धा तास झाला. भटजींना पलूसकडे दुसरं काम होतं, ते मोबाइल काढून वेळ बघू लागले. मग लोक माझ्याकडे बघू लागले. तीस वर्षं वर्गात मराठी शिकवलेला माणूस मी, पण मला एक वाक्य सुचेना.

तेवढ्यात बायकोची थोरली बहीण पुढं झाली. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. त्यांनी हात जोडले.

"बाई गं, तुझा कपबशा-ताटल्यांचा सेट हाय न्हवं, त्याला कोण हात लावनार न्हाई. मी बघते. तू जा निवांत."

कावळा उतरला, भात उचलून गेला.

"बघितलंसा, पाव्हणं? जीव कशात हुता त्यो?" आक्का मला म्हणाल्या.

तो सेट मेव्हण्यानं फौजेत असताना कॅन्टीनमधून आणला होता. पांढरा, कडेला निळी वेल. ट्रंकेत घोंगडीत गुंडाळून तो तासगावला आला आणि आमच्या लोखंडी कपाटात गेला. दर दिवाळीला खाली यायचा, धुतला जायचा, पुसून पुन्हा वर. मी एकदा विचारलं, हा वापरायचा कधी? ती म्हणाली, "माणसं आल्यावर."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही घरातले."

बेदाण्याची प्रतवारी करतात तशी ती पाहुण्यांची प्रतवारी करायची, आणि सेटच्या प्रतीचं माणूस आमच्याकडे कधी आलंच नाही. मुख्याध्यापक आले, पण त्यांची बदली होणार होती. जावई पहिल्यांदा आला तेव्हा सेट खाली उतरला, मांडलाही गेला. मग तिला मटणाचा रस्सा दिसला. हळदीचा डाग बसेल म्हणून सेट परत कपाटात. जावई स्टीलच्या ताटात जेवला. शेवटच्या महिन्यात ती स्वतः पेज प्यायची ती कुठल्याशा लग्नात आलेल्या वाटीतून. वाटीवर नवरा-बायकोचं नाव कोरलेलं होतं. त्या दोघांचा पुढं काडीमोड झाला, वाटी मात्र अजून घट्ट आहे.

मी ह्या सेटवर पुष्कळ विनोद केले. पाहुण्यांना सांगायचो, राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलाय, त्यांना अजून सवड झाली नाही. शाळेत, लग्नात, एसटीच्या स्टँडवर, सगळीकडे सांगायचो. लोक हसायचे. तीही हसायची आणि आत जायची.

तेराव्याला गावजेवण पत्रावळींवर झालं, चहा कागदी कपातून. संध्याकाळी आक्कांनी सेट बहिणीच्या जुन्या लुगड्यात बांधला. म्हणाल्या, "म्हयनाभरानं येते आनि माज्या पोराच्या फ्लॅटात काचंच्या कपाटात मांडते. आठवन राहील. तवर तुमी हात लावू नगासा. कावळ्याला शब्द दिलाय."

माझ्याकडे महिना होता. त्या ताटलीत मला एकदा जेवायचं होतं. दुसरी काही इच्छा उरलेली नव्हती, हीच का उरली ते सांगता येत नाही. कावळ्यावर माझा विश्वास नाही. अंधश्रद्धेवर मी मुलांकडून शेकड्यांनी निबंध लिहून घेतलेत. तरीही रोज कपाटापर्यंत जायचो, गाठोड्याला हात लावायचो आणि खिडकीतून बाहेर विजेच्या तारेवर कोण बसलंय ते बघून परत फिरायचो. कोणी तरी बसलेलं असायचंच.

महिना संपायला चार दिवस राहिले तेव्हा एका दुपारी मी गाठोडं सोडलं. सेट धुऊन ओट्यावर पालथा घातला. खिचडी कुकरला लावली. इतक्यात भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. त्या जतकडच्या, आमच्याकडे बरीच वर्षं आहेत. ओटा बघून त्यांनी पदराला हात पुसले आणि एक कप उचलून त्याच्या कानावरून बोट फिरवलं.

"ह्यो माजा," त्या म्हणाल्या.

"तुमचा?"

"व्हय. कान खरबरीत हाय न्हवं. बाईंचा त्यो पलीकडचा. तुमी दुपारी वाचनालयात गेलासा की बाई कपाट उघडायच्या. मग आमी दोगी च्या प्यायचो. लय गप्पा व्हायच्या."

"रोज?"

"रोज कुठं. भांडी कमी असली की."

मी कुकरकडे बघत राहिलो. शिट्टी होऊन गेली.

"मला कधी बोलली नाही."

"कशा बोलत्याल? म्हनायच्या, गुरुजींना सांगू नगंस गं. हसत्याल आनि गावभर सांगत्याल."

त्या दिवशी मी त्या ताटलीत जेवलो. खिचडी खालून लागली होती. हळदीचा डाग बसला नाही.

आक्का रविवारी आल्या. ओट्यावरच्या जाळीत ओले कप बघून दारातच थांबल्या.

"पाव्हणं! कावळ्याला शब्द दिलाय मी!"

मी त्यांना खाली बसवलं आणि काय कळलं ते सांगितलं. त्यांना पटेना. "तुमची गंमतच चाललीया," म्हणाल्या. माझ्या तोंडून ऐकलेलं कोणालाही गंमतच वाटणार, हे मला पटलं. मग त्यांनी मावशींना बोलावून विचारलं. मावशींनी सगळं सांगितलं, साखर किती तेसुद्धा.



"गेल्या दिवाळीला आठ दिस हुते मी हितं," आक्का म्हणाल्या. "मला च्या स्टीलच्या पेल्यात दिला तिनं. वरनं म्हनली, आक्का, ह्यात गरम ऱ्हातो."

"आक्का, मलाही स्टीलमध्येच," मी म्हणालो.

"तुमचं सोडा. मी तिची भन हाय."

मावशींनी न विचारता चहा टाकला. आक्कांनी विचारलं, "तिचा कंचा?" मावशींनी दाखवला. आक्कांनी तो बाजूला सारून दुसरा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालत सगळा चहा संपवला. सेट न्यायची गोष्ट काढली नाही. संध्याकाळच्या गाडीनं कोरेगावला गेल्या, त्यानंतर फोनवरही तो विषय नाही.

दुपारी आता मी घरीच असतो. भांडी झाली की मावशी बसतात. बायकोचा कप मी वापरतो. कप चार उरले आहेत. दोन माझ्या हातून फुटले.